तेल घालू नये

मी एक जुनी डुलती खुर्ची आहे आणि मी करकरते. हे मी पहिल्याच दमात सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी डोळ्यांत पाणी आणून "मला टाकू नका हो" म्हणतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी कुणाच्या पाया पडणार नाही. मला तर धड पायही नाहीत, पायांच्या जागी दोन लाकडी कमानी आहेत, आणि त्यांवर मी पुढेमागे डुलते.

माझं लाकूड एका प्रार्थनाघरातल्या बाकाचं. तेव्हाही मला आवाज होताच. प्रवचन लांबलं की माणसं चुळबुळ करत आणि माणसं चुळबुळली की बाक बोले. पाद्रीबाबा समजायचं ते समजत आणि आटोपतं घेत. पुढे तो बाक मोडला, तेव्हा मंडळीतल्या एका सुताराने त्याच्या चांगल्या फळ्या निवडून आपल्या बायकोसाठी मला घडवलं.

त्याची बायको म्हणजे थोरल्या माई. ज्या आजारी बाळांना घरी सांभाळणारं कुणी नव्हतं, त्यांना त्यांनी आपल्या घरात आणायला सुरुवात केली होती. काहींचे आईबाप वारलेले, काहींच्या आईबापांनी हात टेकलेले, काहींचे कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही. शेजारी म्हणाले, "अहो, ही नसती उठाठेव कशाला?" माई म्हणाल्या, "प्रभूने लेकरू दारात आणून ठेवलंय. आता काय दाराला कडी घालू?"

सुतार कसबी होता, पण माझी एक कमान किंचित आखूड उतरली. त्यामुळे मी पुढे झुकले की 'कर्र' आणि मागे गेले की 'कुंई' असा आवाज येऊ लागला. तो ओशाळला आणि रंधा घेऊन आला. तोवर माई माझ्यावर बसल्या होत्या. "आता नका उठवू मला," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "पोरगं आत्ता कुठे प्यायला लागलंय." माझी दुरुस्ती तेव्हा जी राहिली ती राहिलीच, कारण त्यानंतर माझ्यावर सतत कुणी ना कुणी दूध पीत होतं.

थोरल्या माईंनी घराला एक नियम घालून दिला. इथलं बाळ दूध पिईल ते मांडीवरच. उशीला बाटली टेकवून, तोंडात बोंडलं देऊन निघून जायचं नाही. बाटली लावण्याआधी बाळाचं नाव घेऊन दोन ओळींची प्रार्थना व्हायची, "प्रभू, ह्याचं पोट भर, आणि मला धीर दे." मला विचाराल तर दुसरी ओळ जास्त गरजेची. आजारी बाळाला दूध पाजणं म्हणजे खायचं काम नाही.

माझ्यावर अशी किती बाळं वाढली, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. हातांवरचं पॉलिश उडालं, बैठक खोलगट झाली. गुटगुटीत होऊन गेलेली काही पोरं पुढे आपली पोरं दाखवायला आली. सगळी मात्र वाचली नाहीत. तुम्ही लहान आहात म्हणून हे मी लपवणार नाही. पण जी गेली, ती कुणाच्या तरी मांडीवरून गेली. रिकाम्या खोलीत एकटं पडून कुणी गेलं नाही. ह्या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी मिरवणार.

थोरल्या माईंच्या मागे त्यांच्या सुनेने घर हाती घेतलं. तिलाही सगळे माईच म्हणू लागले. आणि घर मोठं झालं तशी घराला एक समिती आली, समितीला एक चिटणीस आले. चिटणीस वाईट नव्हते, फक्त त्यांना सगळं चकचकीत हवं असे. मला पाहिलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "माई, ही अडगळ काढा. बाटलीला टेकू देणाऱ्या पोलादी घोड्या मिळतात हल्ली. एक बाई एका वेळी चार बाळं पाजेल."

"एका बाईला मांडी एकच असते, साहेब," माई म्हणाल्या. चिटणिसांनी विषय बदलला, पण सोडला नाही.

आमच्याकडे परदेशातून सेवेला माणसं येतात. काही महिने राहतात, दुपटी धुतात, पोरांना खेळवतात आणि जाताना हमसून रडतात. एके वर्षी असे एक निवृत्त गृहस्थ आले. सुताच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून कायम एक पक्कड डोकावत असे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं पक्कडकाका. आमची भाषा त्यांनी येण्याआधी शिकून घेतली होती, तीही यंत्र खोलून जोडावं तशी, एकेक तुकडा नीट बसवत.

पक्कडकाकांना एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे बाळांची. कुणी बाळ पुढे केलं की ते दोन पावलं मागे सरत. "माझे हात लोखंडाचे," ते म्हणत, "काही मोडलं तर?" म्हणून त्यांनी माणसं सोडून उरलेलं घर दुरुस्त करायला घेतलं. गळके नळ, लटकलेल्या बिजागऱ्या, पाळण्यांची चाकं, एकही गोष्ट त्यांच्या हातून सुटली नाही. गिरणीत यंत्र कुरकुरलं की मोठा बिघाड आलाच म्हणून समजायचं, असं ते सांगत. कुरकुर ऐकू आली की त्यांना बसवतच नसे.

त्याच सुमारास आमच्याकडे ठिणगी नावाची एक तान्ही पोर आली. मुठीएवढं तोंड, निळसर ओठ आणि रडणं असं की छप्पर उडावं. तिच्या हृदयाला भोक होतं. शस्त्रक्रियेने ते बुजणार होतं, पण ती करणारे मोठे डॉक्टर वर्षातून एकदाच ह्या गावात येत. तोवर ठिणगीचं वजन पुरेसं वाढलं तरच ते तिला हात लावणार होते. नाहीतर पुढचं वर्ष. आणि ठिणगी पुढच्या वर्षापर्यंत थांबेल, असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

तिला भूक चिक्कार, पण दम नव्हता. अधाशासारखी ओढायची, श्वास घ्यायला विसरायची, ठसका लागून काळीनिळी पडायची. आमच्या नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, तिला घेऊन माझ्यावर बसू लागल्या. आणि हळूहळू पोरीने माझा ताल पकडला. कर्र म्हटलं की एक घोट. कुंई म्हटलं की एक श्वास. कर्र, घोट. कुंई, श्वास. हे सिस्टरांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांना वाटे, चला, लागली एकदाची पोरगी मार्गाला. काट्यावरचा आकडा पुढे सरकू लागला. मी दिवसभर करकरत होते आणि मला कसं सार्थक वाटत होतं म्हणून सांगू!

आणि एका दुपारी, सगळे जेवायला बसले असताना, पक्कडकाका माझ्याकडे आले. त्यांनी मला उलटं केलं. सांधे आवळले, आखूड कमानीखाली रबराची पट्टी ठोकली आणि सांध्यासांध्यात तेल सोडलं. मग मला झुलवून पाहिलं. मी चिडीचूप. त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. भल्या माणसाने भल्या मनाने माझी जीभ कापली होती.

संध्याकाळी सिस्टर ठिणगीला घेऊन बसल्या. प्रार्थना झाली. बाटली लागली. मी मागेपुढे झुलले, पण मुकी. ठिणगीने एक घोट घेतला आणि वाट पाहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग दमादम ओढलं, ठसकली, आणि सगळं दूध सिस्टरांच्या पदरात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर बाटली पाहूनच तिने तोंड फिरवलं. बोंडलं बदललं, दूध बदललं, मांडी बदलली. माई गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत राहिल्या. मी आतल्या आत ओरडत होते, "अरे, माझा आवाज गेलाय! पोरगी बरी आहे, मी बिघडले आहे! मला दुरुस्त करून बिघडवलंय!" पण ऐकतो कोण?

काट्यावरचा आकडा मागे सरकू लागला. चिटणीस आले. "माई, मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुमची मांडीही वापरून झाली. आता नाकातून नळी घाला आणि ती आधी होती त्या इस्पितळाच्या मोठ्या वॉर्डात तिला परत पाठवा. मोठे डॉक्टर आले की असं लेकरू त्यांना दाखवून काय उपयोग?"

"त्या वॉर्डात तिला घ्यायला कुणाला सवड नव्हती, म्हणून ती इथे आली," माई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. "डॉक्टर येईपर्यंत ती ह्याच घरात राहील. तुमच्या सहीची मला गरज नाही."

"आणि नाही प्यायली तर?"

"तर मांडीवरच नाही पिणार."

बरोबर त्याच वेळी दुधाची ढकलगाडी खोलीत आली. तिचं एक चाक करकरत होतं, आणि मागोमाग पक्कडकाका तेलाची बुधली घेऊन येत होते. गाडी पुढे सरली. कर्र. सिस्टरांच्या मांडीवर ठिणगीचे ओठ हलले. गाडी थांबली, ओठ थांबले. पक्कडकाकांची बुधली तशीच हातात राहिली. चाळीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकलेला तो माणूस. त्यांनी गाडी मागे ओढली, पुढे ढकलली. ओठ हलले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मी केलं हे," ते म्हणाले. "खुर्ची बोलत होती. मी बंद केली."

कुणी रागावलं नाही, वेळच नव्हता. पक्कडकाकांनी माझी रबराची पट्टी उपटली, सांधे सैल केले, तेल पुसून काढलं. माझा सूर काही फुटेना. मुरलेलं तेल असं निघतं थोडंच! जन्मभर कुरकुर घालवणाऱ्या त्या माणसाला ती परत आणता येत नव्हती. ढकलगाडी तरी किती वेळ अडवणार? पलीकडच्या खोल्यांत बाकीची पोरं भुकेने टाहो फोडत होती.

मग ते माझ्यापाशी उकिडवे बसले आणि घसा खाकरून तोंडाने म्हणाले, "कर्र."

सिस्टरांनी चटकन बाटली लावली आणि ठिणगीने एक घोट घेतला.

"कुंई," पक्कडकाका म्हणाले. तिने श्वास घेतला.

सिस्टर उठल्या. "घ्या," त्या म्हणाल्या.

"मी? नाही, नाही. माझे हात..."

"आवाज तुमचा आहे ना? मग मांडीही तुमचीच," माई म्हणाल्या. "बसा गुमान."

ते बसले. चांगले वजनदार गृहस्थ, पण मी हूं की चूं केलं नाही. अर्थात करूही शकत नव्हते. सिस्टरांनी ठिणगीला त्यांच्या त्या लोखंडाच्या हातांत ठेवलं. ते प्रार्थनेची पहिली ओळ विसरले, दुसरी तेवढी आठवली. "प्रभू, मला धीर दे." आणि मग एक पिकल्या केसांचा माणूस, चिटणिसांच्या देखत, भर दुपारी खुर्चीसारखा करकरू लागला. कर्र. कुंई. कर्र. कुंई. बाटली रिकामी झाली तेव्हा त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते निघून गेले. पोलादी घोड्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर पक्कडकाकांनी दुरुस्ती सोडली. नळ गळले तर गळू दिले. ठिणगीचं प्रत्येक दूध त्यांच्या मांडीवर. घसा बसला की माई करकरत, माईंचा बसला की सिस्टर. आल्यागेल्याला वाटे, ह्या घरातली माणसं कामातून गेली.

मोठे डॉक्टर आले, ठिणगीला काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "घेतो."

ती इस्पितळातून परतली तेव्हा तिच्या छातीवर उभा शिवणीचा वण होता आणि ओठ गुलाबी. पक्कडकाका तोवर त्यांच्या देशी परतले होते. सिस्टर तिला घेऊन माझ्यावर बसल्या, बाटली लावली आणि सवयीने 'कर्र' म्हणायला तोंड उघडलं. पण ठिणगी थांबली कुठे? गटागट प्यायला लागली, कुणाच्या तालाची वाट न बघता. आणि तेव्हा, बहुधा तेल एकदाचं वाळलं असावं, मी पुढे झुकले आणि माझा हरवलेला आवाज निघाला. कर्र!

ठिणगीने बोंडलं सोडलं, डोळे मोठे केले आणि दूध सांडत हसली. तिला आता माझी गरज नव्हती. तरी ती हसली.

मित्रांनो, सेवेला माणसं आजही येतात. परवाच एक उत्साही पाहुणी माझा आवाज ऐकून तेलाची बुधली शोधायला निघाली होती. सिस्टरांनी तिला माझ्या पाठीवरची पाटी दाखवली. ती पक्कडकाकांनी आपल्या देशी परतण्याआधी स्वतः कोरली आहे, तोडक्यामोडक्या अक्षरांत. 'तेल घालू नये.'

माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते. ज्याला कुणाला मला दुरुस्त करायचं असेल, त्याने आधी माझ्यावर येऊन बसावं, आणि रिकाम्या मांडीने बसू नये.