पाण्यात गाडी थांबवता येत नाही

या, जवळ या. दाराशी वारा लागेल. इथे चुलीकडे सरका, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. एक गोष्ट सांगते. ऐकून कुणाचं भलं होईल असं वचन देत नाही. पण माणसाचं नाव चार कानांवर पडलं तर देवाच्या दारी ते वाया जात नाही, एवढी माझी श्रद्धा.

नदी डोंगरातून बाहेर पडते तिथलं आमचं गाव. हिवाळ्यात पाणी ओसरलं की पात्र म्हणजे गोट्यांचा रुंद रस्ताच. मग उंच चाकांच्या जीपा एकामागे एक वर चढतात, नदी या काठावरून त्या काठावर ओलांडत, आणि माणसं वरच्या कढत झऱ्यापाशी तंबू ठोकतात. या सफरी ठरतात माझ्या शेवयांच्या दुकानात, मधल्या गोल टेबलावर. क्वोतुंगचं गॅरेज आहे, तो पुढारी. आशुई डुकराचं मटण विकतो आणि तंबूत स्वयंपाक करतो. पोलिन मास्तर उडता कॅमेरा सोडून वाट बघून ठेवतात. चौथा चिंगयुआन होता. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याची गाडी रांगेत शेवटची होती. वर कुठेतरी पाऊस झाला आणि पाण्याचा लोंढा आला. गाडी सापडली. तो नाही.

बाहेर मेलेल्या माणसाचा आत्मा आपणहून घरी येत नाही, त्याला आणावा लागतो. लाल फेट्याचा पुजारी त्या जागी बांबूवर पांढरं फडकं बांधतो आणि घरापर्यंतची सगळी वाट गाऊन दाखवतो. काय गातो! दगडाला पाझर फुटावा. मग घरच्यांनी उदबत्ती धरून पुढे चालायचं, आणि पूल आला, वळण आलं की त्याला सांगायचं. नाही सांगितलं तर तो तिथेच राहतो. शेवटी कौल लावायचा. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसला म्हणायचं.

चिंगयुआनच्या वेळी वरची वाट बंद होती, म्हणून विधी गावातल्या पुलावरच उरकला. कौल काही केल्या लागेना. ऊन चढलं, म्हाताऱ्या माणसांना घेरी यायला लागली. त्याचा काका टाकतच राहिला. जाळून पाठवलेल्या कागदी चपला आवडल्या नाहीत का? कागदाची गाडी लहान झाली का? असं विचारता विचारता होकार पडला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच्या आईला, पाओचू मावशीला, तो पटला नाही. ती म्हणे, "देवाचा हात पिरगाळून घेतलेला होकार तो. मी रोज त्याच्या नावाच्या पाटीपुढे भात ठेवते, पण घर रिकामंच आहे."

गेल्या हिवाळ्यात ती दुकानात आली, खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि म्हणाली, "या खेपेला मला न्यायचं. पुजाऱ्याशी बोलले आहे."

आशुईचा घास तोंडातच राहिला. "मावशी, तुम्हाला बसमध्ये उलट्या होतात. जीपमध्ये तर आतडी गळ्यात येतात."

"उलटी करीन. तुझ्या अंगावर नाही करणार, भिऊ नकोस."

"आणि कोंबडा? पुजाऱ्याला जिवंत कोंबडा लागतो ना? तो माझ्या गाडीत नको. मागच्या वेळी मास्तरांचं घोरणं होतं, तेवढं पुरे."

"कोंबडा माझ्या मांडीवर बसेल. तुझ्यापेक्षा शहाणा असतो."

मग सफर आखायला सुरुवात झाली. क्वोतुंगने चॉपस्टिक्स एकापुढे एक मांडून नदी केली, चहाचे पेले म्हणजे गाड्या. मावशी कुठल्या गाडीत, दोर कुणाकडे, ताडपत्री किती, पहिल्या रात्री आल्याचा रस्सा, दुसऱ्या रात्री भाजलेलं रताळं. मी उभ्या उभ्या ऐकत होते. टेबलावर इतकी ऊब दोन वर्षांत पाहिली नव्हती.

"येताना नदी जितक्या वेळा ओलांडू तितक्या वेळा थांबायचं," मावशी म्हणाली. "मला त्याला सांगायला हवं."

क्वोतुंगने मान हलवली. "मावशी, पाण्यात गाडी थांबवता येत नाही. चाकाखालची वाळू सरकते, गाडी रुतते. पाण्यात शिरलं की पार होईपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही."

"मग तो कसा येईल?"

क्वोतुंग पेले मागेपुढे सरकवत राहिला. शेवटी आशुईच म्हणाला, "काठावर थांबू की. तुम्ही आधीच सांगा, लेका, पाणी आलं, घट्ट धर. मग आपण जाऊ." मावशीने त्याच्या वाटीत आपल्या वाटीतला मांसाचा तुकडा टाकला.

तेवढ्यात पोलिन मास्तरांनी घसा खाकरला. फोन पुढे करायचा की नाही असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. उन्हाळी वादळानंतर त्यांनी वर कॅमेरा उडवला होता, त्याची चित्रं आता दाखवली. अख्खा डोंगर खाली आला होता. झरा नव्हता, काठ नव्हता, नुसता राखाडी चिखल आणि दगड.

"तो मोठा खडक कुठे आहे?" मावशीने विचारलं. "त्याच्याशीच गाडी अडकली होती ना?"

"तो खाली गेला, मावशी. किती खोल ते सांगता येत नाही."

"मग बांबू कुठे रोवायचा?"

मास्तरांनी फोन पालथा ठेवला.

तरी सगळे उठले. भूमिबाबाच्या कौलाशिवाय आमच्याकडची जीप पात्रात उतरत नाही. देऊळ दुकानासमोरच आहे, कमरेएवढं. क्वोतुंगने उदबत्ती लावली, नावं सांगितली, विचारलं. नकार. महिना बदलून विचारलं. नकार. तिसऱ्यांदा दोन्ही तुकडे उताणे पडून डुलत राहिले.

"हसतोय," आशुई म्हणाला. "दोनच गाड्या नेतो म्हणून विचार. दे, मी टाकतो."

क्वोतुंगने तुकडे मुठीत धरले. "नाही."

"अरे, मागे तर होकारच होता! काय उपयोग झाला? मग आता नकाराला कशाला भ्यायचं?"

"मागे होकार नव्हता," क्वोतुंग म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुम्ही गाड्या भरत होतात. मी एकटाच इथे होतो. पडेपर्यंत टाकत राहिलो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मावशी क्वोतुंगकडे बघत होती. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. ती म्हणाली, "आत चल. शेवया गार झाल्या."

आत येऊन ती टेबलाशी बसली, पण खाल्लं नाही. चॉपस्टिक्सच्या वरच्या टोकाला तिने एक पेला ठेवला. "इथून पुढे काय?" तिने क्वोतुंगला विचारलं.

तो उभाच होता. "डावीकडे वळण. मग पाणी."

तिने उदबत्ती पेटवून हातात धरली. "चिंगयुआन, बाळा, डावीकडे वळतोय. आता पाणी आलं, घट्ट धर." पेला पुढे सरकवला. "मग?"

"मग अरुंद जागा. उजवीकडे दरड."

"बाळा, उजवीकडे बघू नकोस."

असं ती त्याला सगळी नदी उतरवून आणत गेली. क्वोतुंग वाट सांगत होता, ती लेकाला सांगत होती. आशुई हुंदके देत होता आणि मध्येच, "मावशी, एक पाणी राहिलं, धनगरी कुरणाच्या खालचं," म्हणून चूक दाखवत होता. ती पेला मागे घेऊन ते पाणीही ओलांडून आली. गावचा पूल आला. घराची गल्ली आली. उंबरा आला.

"तुकडे दे," ती म्हणाली.

क्वोतुंगने दिले. तिने ते कपाळाला लावले, लेक आला का म्हणून विचारलं आणि माझ्या फरशीवर टाकले.

दोन्ही पालथे.

आशुई खाली वाकला. "मावशी, ही फरशी उताराची आहे. परत टाका. एकदाच."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "एवढा तरी खरा असू दे."

पेला तिने उलटा करून ठेवला, उदबत्ती माझ्या देव्हाऱ्यात खोचली आणि घरी गेली. त्या हिवाळ्यात कुणी पात्रात उतरलं नाही. वसंतात छातीच्या दुखण्याने मावशी गेली. ती आपल्या बिछान्यात गेली, तिला कुणी आणावं लागलं नाही. तिच्या घरच्या देव्हाऱ्यात तिच्या नावाची पाटी लेकाच्या पाटीशेजारी बसवली आहे, आणि ती तिथे एकटीच आहे, हे मी जाणते.

मी पोथ्या ऐकत म्हातारी झाले. देव दयाळू आहे असंच आजवर ऐकत आले आणि मानत आले, आजही मानते. पण त्या डोंगराखाली त्याची दया कुठून शिरेल, ते मला सांगता येत नाही. तुम्ही आता उठाल, आपापल्या वाटेने जाल. वाटेत कुठे नदी लागली, तर पाण्यात शिरण्याआधी काठावर क्षणभर थांबा आणि मोठ्याने म्हणा, चिंगयुआन, पाणी आलं, घट्ट धर. तो येणार नाही. तरी म्हणा. त्याला सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.