चिमाआत्याचा खोकला

मुरबाडच्या अलीकडच्या त्या गावात चिमाआत्याशिवाय लग्न लागत नसे. भटजी उशिरा आला तर लोक वाट बघत, आलाच नाही तर दुसरा शोधत. पण चिमाआत्या धवलारीण होती. मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं, म्हणजे धवला, तिला पाठ. ती गायला लागल्याशिवाय कुणी खांबाला हात लावत नसे, की मुसळ उचलत नसे.

या चिमाआत्याची जगातली सगळ्यात मोठी भक्त म्हणजे जनी. नात्यात चिमा तिच्या बापाची चुलतबहीण, पण भक्ती नात्यातून आलेली नव्हती. आठ वर्षांची असताना जनीने तिला हळदीचा धवला गाताना ऐकलं आणि मांडवाच्या खांबाला टेकून ढसाढसा रडली. तेव्हापासून ती आत्याची पानाची चंची सांभाळायला लागली. आत्या जशी मान कलती करी तशी हिची मान कलायची. आत्या चुना जास्त खायची म्हणून हिनेही खाल्ला आणि दोन दिवस जीभ बाहेर काढून बसली.

आत्याला दर तिसऱ्या कडव्याआधी खोकला यायचा. तो तंबाखूचा होता. जनीला वाटलं, तो गाण्यातलाच आहे. तिने तोही बसवला, आधी दोनदा बारीक, मग एकदा खोल. इतका हुबेहूब बसवला की तिच्या आईने, सरस्वतीने, घाबरून तिला महिनाभर अडुळशाचा काढा पाजला. गावात तिला धाकटी चिमा म्हणत, आणि असं कुणी म्हटलं की जनीची मान आणखी कलती व्हायची.

जनी पंधरा वर्षांची झाली आणि घात झाला. मामीच्या बाळंतपणासाठी तिला कसाऱ्याला पाठवलं. मामा रेल्वेत, राहायला रेल्वेची चाळ, आणि शेजारच्या गार्डाच्या घरी रेडिओ. बुधवारी संध्याकाळी रेडिओ सिलोनवर हिंदी सिनेमाच्या गाण्यांची क्रमवारी लागायची तेव्हा सगळी चाळ त्या गार्डाच्या व्हरांड्यात. पहिल्या बुधवारी जनी दाराशी उभी राहिली. दुसऱ्या बुधवारी तिने सतरंजी अंथरायला मदत केली. चौथ्या बुधवारी या आठवड्यात कुठलं गाणं वर चढणार आणि कुठलं खाली येणार यावर ती गार्डाच्या थोरल्या मुलीशी भांडली आणि दोन दिवस अबोला धरला. हिंदी तिला अर्धंच कळायचं, पण चाल कळायला भाषा लागत नाही असं तिने मामीला ठणकावून सांगितलं. मामीचं बाळही त्या चालींवर झोपायला शिकलं.

जनी गावी परतली ती दुसरीच होऊन. मान सरळ, खोकला गेलेला. विहिरीवर, शेतावर, भाकऱ्या थापताना तोंडात तेच. मैत्रिणींना बसवून ती एकेक गाणं ऐकवी. हे बघ, इथे बासरी येते, म्हणून स्वतःच बासरी होई, मग ढोलकी होई. आणि एका लग्नात आत्याचा धवला ऐकताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला कंटाळा येतोय. हळद शेतात लावली, उगवली, खणली, उकडली, वाळवली, पाच कडवी झाली तरी हळद अजून अंगणातच. जनीला आपलीच लाज वाटली. देवळात जांभई यावी तसं झालं तिला.

त्यातच थोरली बहीण कमळ, तिचं लग्न ठरलं. नवरा डोळखांबकडचा. चिमाआत्या स्वतः घरी आली, सरस्वतीच्या हातचा चहा प्याली आणि म्हणाली की या लग्नात जनी माझी जोडीण. धवला दोघी गातात. धवलारीण ओळ सोडते, जोडीण ती उचलते. हा मान चाळिशीच्या आत कुणाला मिळालेला नव्हता. सरस्वतीने देवापुढे साखर ठेवली. जनी आत चुलीपाशी जाऊन बसली.

नाही म्हणायचं तर आत्याचं मन मोडणार, आणि हो म्हणायचं तर ज्या गाण्यात आता जीव नाही ते गायचं. तिने पळवाट काढली आणि आवाज बसल्याचं सोंग केलं. आत्याने आलं-मध पाठवला. तरी बसलेलाच म्हटल्यावर आत्या ज्येष्ठमध घेऊन स्वतः आली, समोर बसवून चघळायला लावलं आणि मिठाच्या गुळण्या करून घेतल्या. शेवटी आवाज बसलेला ठेवणं हे गाण्यापेक्षा कष्टाचं झालं. तेव्हा जनीने तो उठवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हळद कुटायला बायका जमल्या. उखळाभोवती चौघी, हातात आंब्याची पानं बांधलेली मुसळं, त्यात शेजारची सावळीकाकू आणि कमळही. चिमाआत्याने ओळ सोडली, जनीने उचलली. तीन कडवी सुरळीत पार पडली. मुसळं नेहमीसारखी संथ चालली होती. जनीची नजर त्या वरखाली होणाऱ्या मुसळांवर होती आणि मन कसाऱ्याच्या व्हरांड्यात. चौथ्या कडव्याला तिने शब्द घेतले आत्याचे आणि चाल लावली बुधवारची, पहिल्या नंबरावरची.

तिला कळलंसुद्धा नाही. मुसळांना मात्र लगेच कळलं. ती भराभर चालायला लागली. आत्याने पुढची ओळ आपल्या चालीत सोडली, आणखी ठाय करून. मुसळं मंदावली. जनीने उचलली, मुसळं धावली. आत्या हट्टाला पेटली आणि जनीला थांबता येईना. एक ओळ बैलगाडीची, एक ओळ मोटारीची, अशी दोन कडवी गेली. मग सावळीकाकूचं मुसळ जलद ओळीत राहिलं, कमळचं संथ ओळीत, दोन्ही एकमेकांवर आदळली आणि उखळ कलंडलं.

नेमके त्याच वेळी व्याही यमाजी उद्या किती गाड्या येणार ते सांगायला अंगणात शिरत होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, नवी टोपी. सगळी हळद त्यांच्यावर गेली. नवऱ्याच्या आधी नवऱ्याच्या बापाला हळद लागलेली गावाने पहिल्यांदाच पाहिली. यमाजी भला माणूस. डोळे पुसत त्यांनी सोळा गाड्या असं सांगितलं आणि ते खाटेवर बसले.

हसायचं की नाही हे कुणाला कळेना, कारण चिमाआत्या हसत नव्हती. सुरू केलेला धवला अर्धवट सोडत नाहीत, म्हणून ती उरलेली कडवी एकटीने गायली, जनीकडे न बघता. मग चंची उचलली आणि पान न खाता घरी गेली.

आता घरात आकांत. धवलारीण रुसली तर उद्या पुढे काय होणार? सरस्वतीने कपाळाला हात लावला. बापाने जनीला एवढंच सांगितलं की जा, आणि आत्याला घेऊनच ये.

दुपारी जनी आत्याच्या दारात उभी राहिली. आत्या नाचणी पाखडत होती. रस्ताभर जनीने जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. ती मटकन खाली बसली आणि रडतच म्हणाली, "आत्या, मला तुझी गाणी पयल्यासारखी नाय आवडत. मी लई प्रयत्न केला."

आत्या पाखडत राहिली. मग म्हणाली, "कवापासनं?"

"कसाऱ्यापासनं."

"आन् माझं आलं-मध खाल्लंस ते?"

"आवाज बसलाच नवता," जनीने कबूल केलं. सूप बाजूला ठेवून आत्या म्हणाली, "वाईट वाटलं गो. खोटं कशाला बोलू? पन गान्याचं नाय वाटलं तेवढं. माझ्यासमोर गुळन्या करीत बसलीस, त्याचं वाटलं. आता ते कसाऱ्याचं काय हाय, ते गाऊन दाव."

जनी गायली. बासरीसुद्धा सोडली नाही. आत्याने पान लावत सगळं ऐकलं आणि निकाल दिला. चाल गोड आहे, पण गाणं फार लवकर संपतं, एवढ्यात नवरी मांडवात कशी पोचायची?

मग ती गालातल्या गालात हसली आणि तिने जे सांगितलं ते ऐकून जनीचं रडणं जागच्या जागी थांबलं. आत्या नवी नवरी असताना म्हसा गावच्या जत्रेला गेली होती. तिथे एक बांगडीवाला गाऊन बांगड्या विकायचा. ती त्याच्या दुकानापुढून हलेना, नवरा वैतागून एकटाच बैलांच्या बाजारात गेला. घरी आल्यावर तिने ती चाल हळदीच्या धवल्याला लावली. सासू धवलारीण, तिने डोकं बडवून घेतलं आणि सुनेशी पावसाळा लागेपर्यंत बोलली नाही.

"खांबाला टेकून रडली होतीस ना तू?" आत्या म्हणाली. "ती चाल बांगडीवाल्याची, पोरी."

दुसऱ्या दिवशी चिमाआत्या नवं लुगडं नेसून आली. सगळे धवले तिने आपल्या चालीतच गायले, तसूभर न बदलता, आणि जनीने ते मन लावून उचलले. ते आवडतात की नाही याचा विचार त्या दिवशी तिने केला नाही. आत्या शेजारी बसली आहे एवढंच तिला पुरलं. कमळला न्हाऊ घालायला पाटावर बसवलं तेव्हा मात्र आत्या थांबली, पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली की हा धवला जनी तिच्या चालीने गाईल.

पिवळेपणा अजून पुरता न गेलेले यमाजी खबरदारी म्हणून दोन पावलं मागे सरकले. जनी सावरून बसली. कसाऱ्याची चाल तिने मनात नीट लावली, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आधी दोनदा बारीक, मग एकदा खोल खोकली.

चिमाआत्या शेजारी बसलेल्या सावळीकाकूकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा फुलला होता.

"गानं तिचं हाय," ती म्हणाली, "पन खोकला माझाच हाय."