राजाबाईची कात्री

पूनमनं कात्री मोडली ती एका रविवारी, आणि चूक सगळी तिचीच होती.

मोडनिंबजवळच्या वस्तीवर पूनमची एक एकर डाळिंबाची बाग होती. बाकीचे दिवस ती राजाबाईच्या टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागा छाटायला जायची. टोळीत आठ बायका. पहिली ओळ कायम राजाबाईची. साठीला आलेली, काटक बाई, बोलणं कमी. तिच्याकडं लाल मुठीची छाटणीची कात्री होती, सात वर्षांपूर्वी सोलापूरच्या कृषी प्रदर्शनातून घेतलेली. मुठीवर तिनं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ती कात्री राजाबाई कुणाच्या हातात देत नसे. पूनमला स्वतःच्या बागेसाठी दिली, कारण छाटणी तिला राजाबाईनंच शिकवली होती.

"तार तेवढी कापू नगंस हिनं," एवढंच ती म्हणाली.

दिवस मावळायला आला तेव्हा शेवटच्या झाडाच्या फांदीत आधाराची तार रुतलेली दिसली. पक्कड घरात होती. घर काही लांब नव्हतं, पण पूनमला कंटाळा आला. तिनं तारेवर कात्री दाबली. कट् असा आवाज झाला आणि पात्याचा टवका उडाला.

त्याच वेळी उठून राजाबाईकडं जायला हवं होतं. पूनमनं फोन केला आणि म्हणाली, "मावशी, दोन ओळी राहिल्यात. उद्या दुसऱ्या कात्रीवर भागवा, परवा आणून देते."

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून ती टेंभुर्णीला गेली. तिथं रस्त्याकडेच्या एका गाड्यावर हुबेहूब तशीच कात्री मिळाली, तीच लाल मूठ, तोच आकार, आणि किंमत ऐकून तिला बरंच वाटलं. घरी येऊन तिनं ती दगडावर घासली, मातीत लोळवली. जुन्या मुठीवरची ट्यूबची पट्टी अलगद सोडवून नव्या मुठीवर गुंडाळली. हे सगळं तिनं शांतपणे, घाई न करता केलं. पुढं तिला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

राजाबाईनं कात्री घेतली आणि न बघताच कमरेला खोचली.

त्या दिवसांत टोळी शहाजी पाटलांच्या बागेत होती. पहिल्या दिवशी राजाबाई दोनदा थांबून मनगट चोळताना दिसली. तिसऱ्या दिवशी तिच्या तळव्यावर फोड आले. ओळीत नेहमी पुढं असणारी बाई चार झाडं मागं पडली. टोळीतली चिमाबाई हसत म्हणाली, "मावशी, आता वय झालं की तुमचं."

"व्हय गं," राजाबाई म्हणाली. "हातात जोरच ऱ्हायला न्हाय."

शेजारच्या ओळीतून पूनमनं हे ऐकलं आणि ती खाली बघून छाटत राहिली.

शनिवारी शहाजी पाटील बाग बघायला आले. राजाबाईच्या ओळीतल्या फांद्या कापल्या नव्हत्या, चेचल्या होत्या. साल लोंबत होती. त्यांनी एक फांदी हातात धरून बघितली. रागावले नाहीत.

"मावशी, अशा चेचलेल्या जागंतनंच रोग शिरतो. तुमाला ठावं हाय. तुमी आता काड्या गोळा करा. पहिली ओळ पूनमला द्या."

राजाबाईनं मान हलवली. सोमवारपासून ती सगळ्यांच्या मागं वाकून छाटलेल्या काड्या गोळा करू लागली आणि पूनम पहिल्या ओळीला लागली. पाठीमागून काड्यांचा सरसर आवाज यायचा. दुपारी पूनम भाकरी तशीच परत बांधून ठेवायची. कुणी विचारलं तर पित्त झालंय म्हणायची.

पुढच्या सुट्टीला ती एसटीनं सोलापूरला गेली. मोडकी कात्री पिशवीत घेतली होती, तशीच दुसरी ओळखता यावी म्हणून. तीन दुकानं फिरली. कुठं नुसता रंग चकचकीत, कुठं किंमत आवाक्याबाहेर. चौथं दुकान मंगळवार पेठेतल्या एका बोळात होतं. शिवशरण नावाचे म्हातारे गृहस्थ तिथं कुदळी, खुरपी, पंपांचे सुटे भाग घेऊन बसले होते.

"काका, छाटणीची चांगली कात्री पायजे. पण लई महाग नको."

त्यांनी एक कात्री काढली आणि वर्तमानपत्राचा कागद पात्यात धरला. कागद फाटला नाही, सरळ कापला गेला.

"मुठीचा रंग बघून घ्यायची नाही, ताई. हे बघायचं. आणि हा मधला बोल्ट. खिळा ठोकून बंद केलेली असेल तर परत ठेवायची. नट असला की खोलता येते, धार लावता येते. स्प्रिंग सुटी मिळते का, तेही विचारायचं."

पूनमनं पिशवीतली कात्री काढली. "अशी हाय का?"

त्यांनी ती उलटीसुलटी केली. "ही तर चांगली आहे की. मग दुसरी कशाला घेताय?"

"पातं गेलंय."

"पातं बदलून मिळतं."

त्यांनी नट सोडला, डब्यातून एक पातं काढून बसवलं, तेलाचा थेंब सोडला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पूनम समोरच्या स्टुलावर बसून राहिली. त्यांनी विचारलं, "पाणी देऊ का, ताई?" तिनं नको म्हटलं.

परतीच्या वाटेवर तिच्या मनात एक विचार येऊन गेला. गुपचूप कात्री बदलून टाकावी. मावशीला वाटेल, हात बरा झाला. कुणाला काही कळणार नाही. मोडनिंब येईपर्यंत हा विचार तिच्याबरोबर होता, आणि तो तिला आवडलाही होता.

राजाबाई अंगणात बसली होती. पातेल्यात कोमट मिठाचं पाणी, त्यात उजवा हात. पूनमला बघताच तिनं हात पुसला, घरात गेली आणि लाल मुठीची कात्री घेऊन आली.

"बरं झालं आलीस. ही ठेव तुला."

"मला?"

"मला काय करायची आता? तुला मीच शिकवलं. दुसऱ्या कुणाला द्यावी वाटंना."

पूनमनं कात्री घेतली नाही. पिशवीतली दुसरी काढून बाजेवर ठेवली.

"मावशी, तुमची ही हाय. मी हिनं तार कापली, पातं मोडलं. तुमाला दिली ती टेंभुर्णीवरनं आणलेली. पट्टी मीच बदलली. तुमच्या हाताला काय झालेलं न्हाय."

राजाबाईनं आपली कात्री उचलली, कुंपणाच्या बोरीची बोटाएवढी फांदी धरली आणि कापली. मग दुसरी. मग तिसरी. सगळे काप स्वच्छ होते. मग तिनं फोड आलेला तळवा उघडून बघितला.

"मोडली त्याचं काय न्हाय," ती म्हणाली. "वस्तू हाय, मोडती. पण पंधरा दिस मी माज्या हाताला शिव्या घातल्या. तू शेजारी हुतीस. ऐकत हुतीस."

"व्हय," पूनम म्हणाली.

"जा आता."

दुसऱ्या दिवशी बागेत, भाकरीच्या वेळेला, पूनमनं सगळ्या बायकांसमोर आणि शहाजी पाटलांसमोर झालेलं सांगितलं. चिमाबाईनं तोंडावर पदर धरला. पाटील राजाबाईकडं बघून म्हणाले, "मावशी, मग तुमची ओळ तुमी घ्या." राजाबाई उठली आणि कामाला लागली. काड्या गोळा करायला पूनम आपणहून मागं गेली. तिला कुणी अडवलं नाही.

पुढच्या महिन्यात अकलूजकडचं काम आलं. टोळीला फोन राजाबाईच करते. पूनमला या वेळी फोन चिमाबाईचा आला, "मावशी म्हणल्या, सहाला टेम्पो येतोय." पूनम पहाटेपासून रस्त्यावर उभी होती. टेम्पो आला तेव्हा राजाबाईनं तिच्याकडं बघितलं, आपली पिशवी मांडीवर ओढून थोडी सरकली आणि परत रस्त्याकडं बघू लागली. ती जागा तिच्यासाठी केली होती की नुसती पिशवी आवरली होती, हे पूनमला कळेना. ती मागच्या फळीवर बसली.