वेंडेल क्रॅब्ट्रीचा उजवा खिसा

मला तोंड आहे, पण ते उघडलं की काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आजवर गप्प राहिलो. आता बोलतो, कारण बोलायला फारसा वेळ उरलेला नाही. मी एक पिस्तूल. लहानसं, तळहातात मावणारं, रोज खिशात घालून हिंडण्यासाठी बनवलेलं. माझ्या जातीची मोठी पिस्तुलं पोलिसांच्या कमरेला असतात, लोकांना दिसतात. आम्ही छोटी पिस्तुलं कोणाला दिसत नाही. आम्ही भित्र्या माणसांच्या खिशात राहतो.

माझा जन्म कारखान्यातला. आवाज अडवायला कानांवर जाड झाकणं लावलेल्या एका बाईने मला दोन-चार वेळा झाडून पाहिलं, जांभई दिली आणि खोक्यात घातलं. तिथून मी अमेरिकेतल्याच मिसूरी राज्यातल्या एका दुकानात आलो. काचेच्या कपाटात माझ्या एका बाजूला मासे पकडायचे गळ होते आणि दुसऱ्या बाजूला बदकांना फसवायच्या शिट्ट्या. त्या दोघांचा तरी रोज काहीतरी उपयोग होई.

एक दिवस वेंडेल क्रॅब्ट्री आला. गालिचे विकणारा, साठीला टेकलेला, गुबगुबीत माणूस. दुकानदाराने मला त्याच्या हातात दिलं.

"खिशात टाका आणि विसरून जा," दुकानदार म्हणाला. "जवळ आहे हे तुम्हालाही कळणार नाही."

वेंडेलने मला खिशात टाकलं, आरशासमोर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळला आणि स्वतःवर खूश होऊन हसला. तेव्हाच मी त्याला ओळखायला हवं होतं.

या माणसाला आयुष्यात कोणी कधी लुटलं नव्हतं, मारलं नव्हतं. त्याच्या गावात लोक दारं उघडी टाकून चर्चला जातात. पण संध्याकाळी जेवण झालं की तो टीव्हीसमोर बसे, आणि टीव्ही त्याला सांगे की जग त्याच्याच अंगावर धावून येतंय. ते ऐकताना त्याचा हात खिशात यायचा आणि मला कुरवाळायचा. तो हात कायम घामट. त्या घामाने माझ्या अंगावर गंजाचे ठिपके उठले, पण मला पुसायचं त्याला कधी सुचलं नाही.

सुरुवातीला मला एक चामड्याचं म्यान होतं. माझा घोडा त्याने झाकलेला असायचा. पण त्यामुळे खिसा फुगलेला दिसतो म्हणून वेंडेलने ते मोजे ठेवायच्या खणात टाकून दिली. मग मी, किल्ल्या, पेपरमिंटचे कागद आणि चुरगळून गोळा झालेला रुमाल, असा आमचा संसार. पहिली गोळी कायम भरलेली. "तशी नसेल तर उपयोग काय?" असं तो म्हणे.

सराव म्हणाल तर त्याने एकदाच केला. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत रंगाचा रिकामा डबा ठेवला आणि माझ्यातल्या सगळ्या गोळ्या झाडल्या. डबा होता तिथेच राहिला. माझ्या झटक्याने त्याचं बोट सोलवटलं. "नळीच आखूड आहे याची," असं पुटपुटून त्याने मला परत खिशात घातलं, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की हात छान बसलाय.

नोरीन त्याची बायको. कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं बोलणारी बाई.

"मग त्या बोटाला काय झालं?" तिने विचारलं.

"दार लागलं."

"बरं," ती म्हणाली आणि पट्टी आणायला गेली.

सकाळी हॉटेलात कॉफी प्यायला जमणाऱ्या मित्रांमध्ये मात्र वेंडेलसारखा वीर नव्हता. पॅनकेकवर पाक ओतत तो सांगायचा, "एक सेकंद पुरे. समोरच्याला कळायच्या आत काम झालेलं असेल."

"अरे, तुला खुर्चीतून उठायलाच दोन मिनिटं लागतात," एक जण म्हणायचा. सगळे हसायचे. वेंडेल हसायचा नाही. त्याचा हात खिशात यायचा.

याच हॉटेलात एकदा तो मला संडासातल्या कागदाच्या गुंडाळीवर विसरला. कमोडवर बसताना मी टोचतो म्हणून बाहेर काढून ठेवलं होतं. गाडीपर्यंत गेला, खिसा चाचपला आणि पांढराफटक पडला. आत जायची लाज वाटली म्हणून त्याने नोरीनला पाठवलं. ती पुरुषांच्या संडासात शिरली, मला कागदी रुमालात गुंडाळून बाहेर आली आणि त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "घे तुझं खेळणं. एखाद्या लहान पोराच्या हाती लागलं असतं तर?"

"लागलं नाही ना?"

त्या दिवशी घरापर्यंत नोरीन खिडकीबाहेरच बघत होती.

आता त्या दुपारचं सांगतो.

नोव्हेंबर होता, थंड पण लख्ख ऊन पडलेलं. वेंडेल हार्डवेअरच्या दुकानातून नळाचे वायसर घेऊन निघाला आणि आपल्या ट्रकमध्ये येऊन बसला. दार अजून उघडंच होतं. त्याचा फोन दुकानातच राहिला होता, हे त्याला माहीत नव्हतं. रांगेत त्याच्या मागे एक म्हातारा उभा होता, ल्यूशियस पेटवे, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. उंच, काळा माणूस. तो फोन घेऊन मागे धावत आला.

"ओ साहेब! अहो, थांबा जरा!"

वेंडेलने मान वळवली. त्याला काय दिसलं ते मी सांगतो, कारण इतकी वर्षं त्याच्या खिशात राहून मला ते न बघताही कळायचं. त्याला धावत येणारा काळा माणूस दिसला आणि त्याच्या हातात काहीतरी काळं दिसलं. स्वतःचाच फोन त्याला ओळखू आला नाही.

हात खिशात आला. ज्या एका सेकंदाच्या गप्पा त्याने वर्षानुवर्षं मारल्या होत्या तो हाच. आणि बसलेल्या माणसाच्या घट्ट खिशातून मी निघेना. किल्ल्या आडव्या आल्या, रुमाल आडवा आला. तो ओढत राहिला, आणि ओढता ओढता त्याचं बोट घोड्यावर आवळलं गेलं.

मी खिशातल्या खिशात सुटलो. गोळी त्याच्याच मांडीतून आरपार जाऊन सीटमध्ये रुतली.

ल्यूशियस जागीच थबकला. पळून गेला असता तर त्याला कोणी नावं ठेवली नसती. पण ट्रकच्या पायरीवर रक्त ओघळू लागलेलं त्याने पाहिलं आणि तो पुढे आला. दोन्ही हात वर करून, सावकाश.

"नाव काय तुमचं?"

"वे... वेंडेल."

"वेंडेल, नीट ऐका. मी आता माझा कमरेचा पट्टा काढणार आहे. फक्त पट्टा. घाबरू नका. आणि तो हात खिशातून बाहेर काढा. रिकामा."

वेंडेलने हात बाहेर काढला. ल्यूशियसने पट्टा त्याच्या मांडीला जखमेच्या वर आवळला, गुडघ्याने दाब दिला आणि वेंडेलच्याच फोनवरून मदत बोलावली. मला त्याने हात लावला नाही. खिशाकडे एकदा बघितलं, तेही एखाद्या घाणीकडे बघावं तसं.

"मी मरणार का?" वेंडेल रडत विचारत होता.

"आज नाही. माझ्याकडे बघा. मुलं किती तुम्हाला?"

रुग्णवाहिका येईपर्यंत तो वेंडेलशी बोलत राहिला. एका हाताने त्याने त्याचा हात धरला होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःची घसरणारी पॅंट.

होल्कम नावाचा शेरीफच्या ठाण्यातला पोलीस आला. त्याने मला खिशातून काढून पिशवीत घातलं आणि कचेरीत आपल्या टेबलावर ठेवलं. म्हणून पुढचं मी ऐकू शकलो. तो दवाखान्यात जाऊन वेंडेलचा जबाब घेऊन आला, तेव्हा ल्यूशियस टेबलापलीकडे बसला होता. त्याच्या नखांत वेंडेलचं रक्त वाळलं होतं.

"मिस्टर पेटवे, ते काही वेगळंच सांगतायत."

"काय सांगतायत?"

"तुम्ही अंगावर धावून आलात. त्यांनी पिस्तूल बाहेर काढलं, तुम्ही त्यांचा हात धरलात आणि झटापटीत गोळी सुटली."

मी पिशवीत पडून ऐकत होतो. त्याचा भित्रा हात मी वर्षानुवर्षं सोसला होता, पण इतका नीच भित्रेपणा तोवर पाहिला नव्हता. पुरते दोन-तीन तासही गेले नसतील, ज्याने जीव वाचवला त्यालाच याने हल्लेखोर ठरवलं होतं. का, तर सकाळच्या कॉफीला मित्रांना तोंड दाखवता यावं.

ल्यूशियसने नखांतलं वाळलेलं रक्त खरवडलं. मग म्हणाला, "फोन मिळाला ना त्यांना?"

होल्कमने मान खाली घातली. तरीही त्या म्हाताऱ्याला त्याने कोठडीत ठेवलं. जबाब गोऱ्या गालिचेवाल्याचा होता. होल्कमच्या घरातले गालिचेही त्याच्याचकडून आलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरीन आली. अंगात जुना कोट, हातात दवाखान्याची प्लास्टिकची पिशवी. तिने पिशवीतून वेंडेलची रक्ताने कडक झालेली पॅंट काढली आणि माझ्या शेजारी टेबलावर पसरली.

"उजव्या खिशात हात घाला," ती होल्कमला म्हणाली.

"मॅडम, हा पुरावा आहे, तुम्ही असं..."

"घाला हो."

होल्कमने हात घातला. खिशाच्या तळातून त्याचं बोट पलीकडे निघालं. तिने अस्तर उलटं केलं. आतलं कापड जळून काळं झालं होतं.

"पिस्तूल हातात होतं, झटापट झाली, असं म्हणतो ना तो? मग गोळी खिशाच्या आतून कशी सुटली? का मिस्टर पेटवेंनी माझ्या नवऱ्याच्या खिशात हात घातला होता?"

होल्कमने अस्तर उजेडात धरून पाहिलं.

"ते बाहेर निघालंच नाही," नोरीन म्हणाली. "रात्रभर मी त्याच्या उशाशी बसून तेच ऐकत होते, कसं काढलं, किती चपळाईने काढलं. सकाळी नर्सने ही पिशवी हातात दिली."

ल्यूशियसला बाहेर आणलं. नोरीन त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझा नवरा तुमच्यामुळे जिवंत आहे, आणि तो खोटं बोलला. मी त्याच्या वतीने माफी मागत नाही, ती त्याने मागायची. मी माझ्या वतीने मागते."

"तुम्ही आला नसतात तर?" ल्यूशियसने विचारलं. आवाज चढवला नाही, पण उत्तरासाठी थांबला.

नोरीनने दार उघडून धरलं. तो पॅंट सावरत बाहेर पडला. दाराबाहेर त्याची मुलगी गाडीत वाट बघत होती.

वेंडेलने माफी मागितली नाही. वेदनेमुळे नीट आठवत नव्हतं, असा त्याने नवा जबाब दिला. थोडा दंड, न्यायाधीशाचे चार कडक शब्द, एवढ्यावर सुटला. आणि काही आठवड्यांनी काठी टेकत येऊन मला परत घेऊन गेला. कायद्याने मी त्याचाच होतो. नोरीन तेव्हा बहिणीकडे राहायला गेली होती.

आता कॉफीच्या टेबलावर तो म्हणायला लागला की पिस्तुलातच खोट होती. "घोडा फार हलका आहे याचा. कंपनीवर दावाच ठोकणार आहे." माझा घोडा जड आहे हो! त्याच्यासारख्याने पूर्ण ताकदीने ओढल्याशिवाय तो हलत नाही. मित्र हसले नाहीत. ते आपापल्या कपांत बघत राहिले, आणि मग एकेक जण उशिरा यायला लागला.

एका रविवारी चर्च सुटायच्या सुमारास नोरीन आपले हिवाळी कपडे न्यायला आली. तिच्याकडे किल्ली होती, तिने दार उघडलं. वेंडेल स्वयंपाकघरात डब्यातलं गार सूप खात होता. दार वाजलं, तसा त्याचा हात खिशात गेला.

तिने ते पाहिलं. उंबऱ्यातच उभी राहिली.

"काढ," ती म्हणाली. "काढ ना वेंडेल. एकदा तरी बाहेर काढून दाखव."

"मला वाटलं कोणीतरी..."

"कोणीतरी म्हणजे कोण? या घरात माझ्याशिवाय कोण येतं?"

त्याने मला हळूहळू बाहेर काढलं. इतक्या वर्षांत त्याने कोणा माणसासमोर मला खिशातून काढलं ते पहिल्यांदाच, आणि तो माणूस म्हणजे त्याची बायको. त्याने मला बघितलं, तिला बघितलं. बाहेर येता येता मी सुपाच्या डब्यावर आपटलो. मग त्याने मला टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे सरकवलं.

"घेऊन जा," तो म्हणाला. "नोरीन, मला सगळ्याचीच भीती वाटते गं."

या माणसाने आयुष्यभरात बोललेलं हे एकच खरं वाक्य. ते ऐकूनही माझ्या मनातली घृणा गेली नाही, पण त्याच्या भीतीत थोडा वाटा माझाही आहे, हे तेव्हा कळलं. मी त्याच्या खिशात राहून त्याला कधी धीर दिला नाही. त्याची भीती फक्त उबवली.

नोरीनने माझ्यातल्या गोळ्या काढल्या, मला कोटात घातलं आणि कपडे न घेताच निघाली. परत येईन असं ती म्हणाली नाही.

आता मी तिच्या मेव्हण्याच्या, बर्टच्या वेल्डिंगच्या दुकानात आहे. माझं अंग शिकंज्यात आवळलंय. बर्टने चष्मा डोळ्यांवर ओढला, निळी ज्योत पेटवली आणि मला वरून-खालून न्याहाळलं.

"एवढंसं तर लोखंड आहे," तो म्हणाला. "याचं काय बनणार? धड बिजागरीसुद्धा व्हायची नाही."

"काही बनवायचं नाहीये, बर्ट," नोरीन म्हणाली. "नुसतं नसू दे."