दहा-पाच माणसं

अतुल वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायचा. केसाएवढा फरक दिसला की पेटी परत! तीच खोड घरात. "मूठभर तांदूळ घे" म्हटलं की हा विचारणार, मूठ कुणाची? बायको रत्नमाला वैतागून म्हणायची, "माझी. दाखवू का?"

आता लेकीला, मेघाला, बघायला देवगाव रंगारीहून पाहुणे येणार होते. मुलगा सम्यक तिच्याच बँकेत. दोघांचं आधीच जमलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं. मोठ्यांचा होकार तेवढा बाकी होता आणि त्या काळजीनं पोरीचं जेवणावरून मन उडालं होतं.

अतुलनं मुलाच्या वडलांना, सांडूभाऊंना, फोन लावला. "जय भीम, भाऊ. नक्की किती जण येताय?"

"आस्तील की दहा-पाच मान्सं."

"दहा, की पाच?"

"व्हय व्हय, दहा-पाच," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

झालं! अतुलनं दहा धरले, वर दोन जादा, आणि ताटांपासून मटणापर्यंत सगळं बारा जणांचं आणलं. रत्नमाला म्हणाली, "अहो, गावाकडची दहा-पाच म्हणजे..." पण ऐकतो कोण!

रविवारी मुकुंदवाडीत अतुलच्या गल्लीत दोन जीपा थांबल्या. माणसं उतरायला लागली ती उतरतच राहिली. सम्यकमागून आत्या, मावश्या, कडेवरची पोरं, वर शेजारची एक म्हातारी, "सून बघायची व्हती म्हून आले" म्हणत. अतुलच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीच्या सोयरिकीत ताट कमी पडलं, तर जन्मभर मान खाली घालायची वेळ.

तेवढ्यात मुलाची आई गीताबाई पुढं झाल्या. "ताई, मोकळ्या हातानं कसं यावं? उगं थोडंसं आणलंय."

मागून दोघं जण टोपलं उचलून आले. टोपलं कसलं, भाकरीचा डोंगर! पाठोपाठ भरल्या वांग्याचं पातेलं आणि शेंगांचं पोतं. गीताबाईंनी पदर खोचला, थेट गॅसपाशी गेल्या, रश्शात तांब्याभर पाणी ओतलं आणि मूठभर चटणी टाकली. "रस्सा वाढवता येतो बाई, मान्सं कशी कमी करावी?" मुठीचं माप विचारायचं अतुलच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

गच्चीवर सतरंज्या पडल्या. हसत-खिदळत पंगती उठल्या, गल्लीतल्यांनाही हाका मारून वाढलं, तरी भाकरी उरल्या.

हात धुऊन सांडूभाऊ टेकले. अतुलनं हळूच विचारलं, "भाऊ, मुलगी कशी वाटली?"

सांडूभाऊंनी बायकोकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरी हाय."

बरी? अतुलनं शब्द मनात तोलून पाहिला. एवढी गुणाची लेक, अन् नुसती बरी? मग त्याची नजर त्या टोपल्यावर गेली. ज्यांची दहा-पाच माणसं दोन जीपांतून उतरता संपत नाहीत, ज्यांचं थोडंसं गल्लीला पुरून उरतं, त्यांची 'बरी' केवढी असेल! त्याला हसू फुटलं, डोळेही भरले, आणि त्यानं सांडूभाऊंना मिठीच मारली.

दाराआड रत्नमालानं लेकीला कोपरानं ढोसलं. "काय गं, आणि मुलगा कसा वाटला?"

मेघा म्हणजे बापाचीच लेक, दशांश चिन्हाशिवाय बोलायची नाही. ती ओढणीशी चाळा करत, लाजून लाल होत म्हणाली,

"बराय."