नापास पायऱ्यांची टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे. टोपली म्हटल्यावर मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर फळं आली असतील, नाहीतर फुलं. तसलं काही माझ्या नशिबी आलं नाही. शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणीच्या टेबलाखाली माझं आयुष्य गेलं. ज्या पायऱ्या शिडीला लावण्याच्या लायकीच्या नसत, त्या माझ्यात पडत. एखादीला गाठ असे, एखादीला चीर, एखादी एका टोकाला उगीचच बारीक झालेली. सगळ्या कारखान्याचं चुकलंमाकलं मी पोटात घेत असे.

मला विणलं एका म्हाताऱ्या बाईने. तिचे हात चालत त्याहून तोंड जास्त चाले. मला गिऱ्हाइकाच्या हवाली करताना ती म्हणाली, "भरलेली ठेवा हो. रिकामी पडून राहिली तर वेत सुकून तडकेल, आणि मग माझ्या नावानं खडे फोडाल."

गिऱ्हाईक हसून म्हणाले, "त्याची काळजी नको आजी. आमच्याकडं चुका भरपूर होतात."

हे आमचे मिस्त्री. शिड्यांचा धंदा त्यांनी तेव्हा नुकताच मांडला होता. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा.

मिस्त्रींचा एक नेम होता. शनिवारी दुपारी यंत्रं बंद झाली की ते मला टेबलाखालून ओढून काढत आणि सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर पालथी करत. माणसं गोल करून बसत. चहा येई. मग मिस्त्री एकेक पायरी उचलत, बोटाच्या पेराने तिच्यावर ठोकत आणि विचारत, "ही इथं का आली?"

कुणामुळे आली, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. नव्या माणसाला हे खरं वाटत नसे. तो मान खाली घालून आपलं नाव सांगू लागे. मिस्त्री म्हणत, "तुझं नाव माहीत आहे मला. पायरीचं सांग."

मग पायरीचं बोलणं निघे. एकदा कितीतरी पायऱ्या एकाच टोकाला चिरलेल्या निघाल्या. कुणी म्हणालं लाकूड वाईट, कुणी म्हणालं करवत बोथट. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की लाकडाची चळत खिडकीपाशी रचलेली आहे आणि दुपारचं ऊन नेमकं एका टोकावर पडतं. चळत हलवली आणि चिरा थांबल्या. एवढंसंच असे, पण दर शनिवारी काहीतरी एवढंसं सुधारे. बोलणं झालं की त्या पायऱ्या चुलीत जात आणि पुढचा चहा त्यांच्यावरच उकळे. आपल्या चुकीवर केलेला चहा जरा जास्तच कडक लागतो, असं मिस्त्री म्हणत.

मोठी मागणी घेऊन कुणी आलं तर मिस्त्री आधी वाकून टेबलाखाली बघत. मी काठोकाठ भरलेली असले तर ते गिऱ्हाइकाला सांगत, "सध्या जमायचं नाही. आहे तेच आम्हाला नीट येत नाही अजून." गिऱ्हाईक तणतणत निघून जाई. बहुतेक वेळा काही महिन्यांनी तेच परत येई. असा आमचा कारखाना सावकाश वाढला. एका खोलीच्या दोन झाल्या, मागे लाकूड वाळवायला शेड आली. रंगारी, वीजवाले, झाडावरची फळं उतरवणारे येत आणि आमची शिडी न बघता खांद्यावर टाकून नेत.

पुढे मिस्त्रींचे गुडघे कुरकुरू लागले आणि कारखाना त्यांच्या मुलीने हातात घेतला. तिला सगळे ताई म्हणत. ताई दुष्ट नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर डोळे वटाराल. तिने भुसा ओढून घेणारा पंखा बसवला, त्यामुळे माणसांचा खोकला गेला. तिने चांगली यंत्रं आणली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आणल्या आणि नव्या माणसांना कामावर घेतलं. कारखाना वाढला पाहिजे आणि तो वाढलेला वडिलांनी डोळ्यांनी बघितला पाहिजे, एवढीच तिची धडपड होती.

एका सकाळी तिने सगळ्यांना जमवून सांगितलं, "शनिवारी टोपली रिकामी असेल, तर बसायचं कशाला? चूकच नाही तर बोलायचं काय? ज्या शनिवारी टोपली रिकामी, त्या शनिवारी दुपारी सगळ्यांनी घरी जायचं. पगार पूर्ण."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीसुद्धा खूश झाले. मला वाटलं, आता जरा पाठ टेकायला मिळेल.

त्या सुट्टीची किंमत कळायला तुम्हाला दोन माणसं माहीत हवीत. एक आमचा कातारी, म्हणजे यंत्रावर लाकूड फिरवून गोल पायऱ्या काढणारा. तो इतकं कमी बोले की त्याचं नाव घुम्या पडलं होतं. त्याची बायको गेली होती आणि लहान मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला आजीकडे राहत होती. दुसऱ्या तपासणीच्या काकू. माझ्यावरचं टेबल त्यांचंच. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते आणि दिवसभर शेजारीण त्यांच्याकडे बघे. घुम्याला शनिवार मिळाला की मुलगी मिळे. काकूंना शनिवार मिळाला की यजमानांना उन्हात बसवता येई.

पहिले काही आठवडे सगळ्यांनी खरोखर डोळ्यांत तेल घालून काम केलं. मी खरोखर रिकामी राहिले. पण मागण्या वाढत गेल्या आणि लाकूड पुरतं वाळायला वेळ मिळेना. अर्धवट वाळलेलं लाकूड यंत्रावर चढू लागलं. गाठी निसटू लागल्या, चिरा पडू लागल्या.

एका शनिवारी सकाळी काकूंनी एक पायरी माझ्यात टाकली. एकच. सगळ्या कारखान्याने तो आवाज ऐकला. घुम्याने त्या दिवशी मुलीला नव्या चपला घ्यायला न्यायचं कबूल केलं होतं. त्याने नुसतं घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा यंत्रावर वाकला. दुपारी सगळे गोल बसले, पण मूग गिळून. चहा निवून गेला. काकूंकडे कुणी बघत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

टेबलाखालून मला काकूंचं तोंड दिसत नसे, हात आणि पाय तेवढे दिसत. पुढच्या आठवड्यात मला काकूंचा हात दिसला. पायरी धरून तो माझ्या काठापर्यंत आला, थांबला आणि परत वर गेला. मग वरून बारीक भुसा गळू लागला. काकू तो भुसा सरसात, म्हणजे लाकूड चिकटवायच्या खळीत, कालवून चिरेत भरत होत्या. वाळल्यावर त्यांनी पॉलिश पेपर घासला, वर पॉलिशचा हात मारला. काकूंच्या हाताला सफाई होती. चीर कुठे होती ते सांगता येऊ नये, इतकं सुरेख काम त्यांनी केलं.

एकाला जमलं ते सगळ्यांना जमू लागलं. घुम्याला कातताना गाठ दिसे आणि तो पायरी तशीच पुढे सरकवी. काकू बुजवत. जुळणी करणारे कानाडोळा करत. दर शनिवारी मी रिकामी आणि दर शनिवारी दुपारी कारखाना मोकळा.

आणि माझं काय कौतुक झालं म्हणता! ताईने मला टेबलाखालून काढलं, पुसलं आणि दरवाज्याजवळ उंच स्टुलावर ठेवलं. दुकानांचे साहेब येत, माझ्यात डोकावत, माना डोलवत. कुणी कुणी माझ्यासोबत फोटो काढून घेत. आयुष्यभर नापास माल सांभाळला तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि आता काहीच करत नव्हते तर आरती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली होती. तिथे वारं लागून माझा वेत सुकत चालला. एक दिवस माझी उचलायची कडी तडकली. कुणाला ऐकू गेलं नाही.

एका शनिवारी मिस्त्री आले. फार दिवसांनी आले होते. दुपार व्हायची होती आणि माणसं हातपाय धुऊन निघायच्या तयारीत होती. मिस्त्री काठी टेकत थेट माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्यात हात घातला. तळाशी बोटं फिरवली. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी," ते ताईला म्हणाले, "माझ्या उभ्या आयुष्यात ही टोपली मला रिकामी करता आली नाही. तू करून दाखवलीस."

ताई लहान मुलीसारखी रडली. ज्या शाबासकीसाठी ती जिवाचं रान करत होती, ती तिला मिळाली होती. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडले असते. पण टोपलीला तोंड असतं ते फक्त टाकलेलं घ्यायला.

"घरच्या छपराच्या पन्हळीत पाला तुंबलाय," मिस्त्री म्हणाले. "एक शिडी घेऊन जातो. काकू, तुम्हीच द्या काढून."

भिंतीला शिड्या ओळीने टेकून उभ्या होत्या, एकीसारखी एक. काकू एकीपाशी गेल्या, पायऱ्यांवरून बोटं फिरवली. मग दुसरीपाशी गेल्या. मित्रांनो, त्यांना कळेना. आपणच बुजवलेलं आता त्यांनाच सापडत नव्हतं. ठोकून बघितलं असतं तर कळलं असतं, पण सगळ्यांसमोर ठोकायचं म्हणजे सगळंच सांगायचं. घुम्या दाराशी पिशवी घेऊन उभा होता. ताई डोळे पुसत हसत होती.

"सोमवारी देते, मिस्त्री," काकू कशाबशा म्हणाल्या. "तुमच्यासाठी नवीन करून देते."

"अहो, घरच्या शिडीत निवडायचं काय?" मिस्त्रींनी हाताला आली ती शिडी एका कामगाराला उचलायला लावली. ती त्यांनी ठोकून बघितली नाही. आयुष्यभर प्रत्येक पायरीवर ठोकणारा माणूस त्या दिवशी ठोकायचं विसरला नव्हता. मला रिकामी बघून त्याला गरज वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारखाना बंद होता. सोमवारी सकाळी बातमी आली. गुडघे दुखत असूनही, कुणाला न सांगता मिस्त्री स्वतःच पन्हळ साफ करायला चढले होते. पायरी मधोमध मोडली आणि ते कपडे धुवायच्या दगडावर पाठीवर पडले. दवाखान्यात ते शुद्धीवर होते, पण कमरेखालचं काही हलत नव्हतं.

त्या शनिवारी ताई आली. तिच्या हातात पायरीचे दोन तुकडे होते. तिने मला स्टुलावरून काढून जमिनीवर ठेवलं आणि ते तुकडे माझ्यात टाकले. मग मला पालथी केलं. कुणी सांगितलं नाही, तरी सगळे गोल करून बसले. चहा मात्र कुणी केला नाही.

ताईने एक तुकडा उचलला. मोडलेल्या जागी गाठीच्या भोवती वाळलेला सरस दिसत होता.

"ही तिथं का गेली?" तिने विचारलं.

बोलला तो घुम्या.

"गाठ दिसली होती मला. पुढं सरकवली."

"मी बुजवली," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी मला बोलायचं होतं ताई. तोंडाशी आलं होतं हो."

ताईने तुकडा खाली ठेवला. "आणि शनिवार मी दिला," ती म्हणाली. "बाबांना काल हा सरस दाखवला, शनिवारचंही सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, बाकीच्या शिड्या कुठं आहेत?"

शिड्या दुकानांत गेल्या होत्या, दुकानांतून गावोगाव गेल्या होत्या. ताईने दुकानांना कळवलं, वर्तमानपत्रांत छापून आणलं, लोकांच्या दारात स्वतः जाऊन हात जोडले. मोठ्या दुकानांनी मागण्या काढून घेतल्या. नवी माणसं गेली, मग जुन्यांतलीही काही गेली. काकू स्वतःहून गेल्या. जाताना त्या मला टेबलाखाली, माझ्या जुन्या जागेवर सरकवून गेल्या. घुम्या अजून आहे. आता तो पायरी यंत्रावरून काढली की आधी ठोकतो.

परत आलेल्या शिड्यांची प्रत्येक पायरी ठोकून बघितली. मी भरले, रिकामी झाले, पुन्हा भरले. बातमी घेऊन ताई रोज दवाखान्यात जाई आणि मिस्त्री रोज एकच विचारत, "अजून किती बाहेर आहेत?" हे विचारत असतानाच ते गेले.

मित्रांनो, माझी कडी आता सुतळीने बांधली आहे आणि तळ सैल झाला आहे. माझं फारसं काही मागणं नाही. पण तुमच्या शाळेत, घरात, उद्या तुमच्या स्वतःच्या कामात कुणी चूक दाखवायला आलं, तर त्याच्यासमोर घड्याळाकडे बघू नका. त्याला बसवा, चहा द्या. आणि अशी रिकामी टोपली कुणी कौतुकाने दाखवली, तर टाळ्या वाजवण्याआधी जरा टेबलावर काय चाललं आहे ते बघा.

आणखी एक. आमच्या काही शिड्या अजून परत आलेल्या नाहीत. त्या कुठल्यातरी भिंतीला टेकून उभ्या असतील, कदाचित तुमच्याच घराच्या मागे. दिसायला त्या फार सुरेख आहेत. तुमचे बाबा, काका, दादा कुणीही शिडीवर पाय ठेवणार असेल, तर त्याला थांबवा आणि प्रत्येक पायरीवर बोटाच्या पेराने ठोकून बघा. चांगली पायरी टणक वाजते, बुजवलेली बद्द वाजते. तशी एखादी सापडली तर लाजू नका, आमच्याकडे घेऊन या. मी टेबलाखालीच आहे, आणि माझ्यात जागा आहे.