लाल झेंडा काढला त्या दिवशी

पाण्याखाली माणूस असला की वर लाल झेंडा लावायचा, आणि झेंडा दिसला की तिथे बाटली टाकायची नाही. बाटलीत स्फोटकं ठासून मासे मारणारे चोरसुद्धा एवढा नियम पाळतात. तो मोडला आमच्या घरातल्या शहाण्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने.

मासेमारीला बंदी असलेल्या पाण्याचे आम्ही दोघं राखणदार. स्फोटांनी फुटलेले प्रवाळ तो खाली जाऊन जाळीवर बांधायचा, मी वर होडी सांभाळायची. जरा कुठे मासे परतले, तर मेल्यांच्या बाटल्या पुन्हा सुरू!

"झेंडा बघून पळतात साले," तो त्या सकाळी म्हणाला. "आज झेंडा काढ, होडी खडकामागे लाव. मी खालचं काम उरकतो. कोणी आलं की दोरी ओढ, वर येतो."

"अक्कल गहाण टाकलीस का? आणि तुझा भाऊच आला तर?"

"तो सुधारलाय गं. हातात बाटली फुटून दोन बोटं गेल्यावर आईची शपथ घेतलीय त्याने."

दिराच्या शपथा मला पाठ होत्या. पण याचा सगळा जीव त्या धाकट्यात, बोलून काय उपयोग? धुसफुसत मी झेंडा काढला.

ठिगळं मारलेली निळी होडी आली. ओळखलीच मी. पुढे दीर उभा, डाव्या हाताच्या तीन बोटांत बाटली, वात पेटलेली. मी दोरी ओढत ओरडले, "भावोजी, नको! खाली दादा आहे!" त्याच्या इंजिनाने माझा आवाज गिळला. बाटली सुटली.

माझ्या होडीला बुडातून लाथ बसली. पांढरं पाणी उसळलं. मग मासे वर आले, पोटं फाटलेले, डोळे बाहेर लोंबणारे. दोरी माझ्या हातात सैल झाली.

दिराने मासे गोळा करायला बुडी मारली होती. मी तिथे पोचले तेव्हा तो वर आला. काखेत माझा नवरा. तोंडातली श्वासाची नळी निसटलेली, नाकातून, कानांतून रक्त.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वल्हं उचलून मी दिराच्या टाळक्यात हाणलं. "मुडद्या! सख्खा भाऊ मारलास!" दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड कडकन वाजलं. कपाळ फाटून रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्याने पकड सोडली नाही.

"मार वहिनी, जीव घे माझा," तो रडत म्हणाला, "पण आधी दादाला वर घे."

मी वल्हं फेकलं. मी वरून ओढलं, त्याने खालून लोटलं. मग मी छाती दाबत राहिले आणि तो भावाच्या तोंडातलं रक्त बोटांनी काढत राहिला. शेवटी एकदाचा ठसका लागला. गुलाबी फेस आला, डोळे उघडले. समोर धाकटा दिसताच नवऱ्याने त्याचा हात धरला.

"बरं झालं तू आलास. चोर सापडला का?"

दिराची मान खाली गेली. "सापडला दादा. मीच तो."

"काय? मोठ्याने बोल ना रे."

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मी दिराच्या गळपट्टीला धरलं. "सांग. मोठ्याने सांग!"

"मीच दादा! मीच टाकली!" तो घसा फाटेपर्यंत ओरडत राहिला.

नवरा त्याच्या ओठांकडे बघत होता. मग हात उचलून त्याने भावाच्या कपाळावरचं रक्त पुसलं.

"तुला कोणी मारलं रे?" त्याने विचारलं.